तिसरी कोरी सोंगटी

मी एक कोरी सोंगटी बोलतेय. उलटी करा, सुलटी करा, माझ्या अंगावर एकही अक्षर सापडायचं नाही. म्हणून माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं मात्र समजू नका. एका मंगळवारी तर मला इतकं बोलावंसं वाटलं होतं की लाकूड असून मला घाम फुटायचाच बाकी होता. ते सगळं सांगते, पण आधी माझी ओळख करून देते.

माझा जन्म अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरातल्या एका लाकडाच्या कारखान्यातला. मेपलचं लाकूड, अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठ्या चौकोनात कापलेलं. आम्ही एका खोक्यातल्या शंभर बहिणी. मग ठसे मारायचं यंत्र आलं आणि एकेकीच्या अंगात इंग्रजी अक्षर दाबून बसवत गेलं, खाली कोपऱ्यात तिचे गुण. कुणी ए झाली, कुणी टी झाली. एकीला क्यू मिळाला, दहा गुणांचा, तेव्हापासून तिचं नाक जे वर गेलं ते आजतागायत खाली आलेलं नाही. आम्ही दोघी मात्र यंत्राखालून कोऱ्याच पुढे सरकलो. मला वाटलं, कारागीर विसरला. मी त्याच्या हाताकडे आशेनं बघत होते आणि त्यानं खोक्याचं झाकण लावून टाकलं.

हा खेळ तुम्ही पाहिला असेल. पिशवीत हात घालायचा, सात सोंगट्या काढायच्या, समोरच्या पट्टीवर मांडायच्या आणि पटावर शब्द जुळवायचे. ज्याचे गुण जास्त तो जिंकला.

आमचा संच इर्माच्या लग्नाआधी तिच्या मैत्रिणींनी तिला भेट दिला. तेव्हापासून मी मिनेसोटात, सुपीरियर सरोवराच्या काठी, तिच्या सासरी, निएमींच्या घरात. पहिल्याच हिवाळ्यात इर्मा नवऱ्याला, आर्नीला, खेळ शिकवत होती. आर्नीनं मला उचललं, दोन्हीकडून बघितलं आणि म्हणाला, "ही वाया गेलेली दिसतेय. शेगडीत टाकू?"

"खबरदार!" इर्मा म्हणाली. "हिला गुण नाहीत, पण हिला वाटेल ते अक्षर होता येतं. ही ज्याच्याकडे जाते त्याचं नशीब उघडतं."

माझ्या जन्मात माझ्याबद्दल कुणी चांगलं बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यानंतर मी तिच्या हाताला लागले की ती मला ओंजळीआड धरून हळूच विचारायची, "मग काय बाई, आज काय व्हायचंय?" आणि एक तंबी तिनं आर्नीला कायमची देऊन ठेवली होती. "कोरी मिळाली की पट्टीवर गुपचूप ठेवायची. उलटून बघत बसायचं नाही. समोरच्याला लगेच कळतं." हे खेळणाऱ्या सगळ्यांचंच शहाणपण आहे. पुढे तेच आर्नीला नडलं.

आर्नी शाळेची पिवळी बस चालवायचा. बर्फ असो, धुकं असो, गावातली दोन पिढ्यांची पोरं त्यानं शाळेत नेली आणि घरी आणून सोडली, एकाच्याही अंगावर ओरखडा नाही. त्याला गर्व म्हणाल तर तेवढाच होता. संध्याकाळी तो दारात बूट काढत असायचा आणि इर्मा आत पुल्लाची, म्हणजे वेलदोडा घातलेल्या गोड पावाची, कणीक मळता मळता ओरडायची, "पाच अक्षरी! क्यू आहे, यू नाही!"

"फकीर!" हा दारातून.

"अजून?"

"निकाब! तलाक!"

इंग्रजीत क्यूच्या मागे बहुतेक यू लागतोच, या तीन पाच अक्षरी शब्दांत तो लागत नाही. या खेळातल्या माणसांचं पाठांतर असंच असतं. कुठली अक्षरं आणि किती लांबी, एवढंच त्यांना लागतं. शब्द कुठल्या मुलखातून आला, कुणाच्या घरात काय अर्थानं बोलला जातो, याची चौकशी कुणी करत नाही. तो 'तलाक' शब्द त्या नवराबायकोनं जन्मभर एकमेकांना आनंदानं ओरडून ऐकवला आणि संसार शेवटपर्यंत गोडीनं केला.

शेवट आला तो इर्माच्या बाजूनं. ती गेली त्या हिवाळ्यात आर्नी एकटाच पट मांडून बसायचा. एकदा आपली पाळी खेळायचा, मग खुर्ची बदलून तिची. तिची पाळी तो जास्त मन लावून खेळायचा. मला ते बघवत नसे.

वसंतात तो आम्हाला घेऊन गावातल्या चर्चच्या तळघरात जायला लागला. तिथे दर मंगळवारी दुपारी हा खेळ खेळणारी मंडळी जमतात. कॉफी त्यांच्यातल्या गॉर्डीच्या ताब्यात, लिंबाच्या वड्या ज्याच्या त्याच्या पाळीनं, आणि कारभार मार्लिस त्वाइटच्या हाती. मार्लिस गावची जुनी पोस्टमास्तरीण. निवृत्त झाली तरी तिचा आवाज खिडकीपलीकडूनच येतो.

तिनं आम्हाला पाहिलं आणि नाक मुरडलं. "लाकडी? आर्नी, हल्ली प्लॅस्टिकच्या वापरतात. यांची अक्षरं बोटाला लागतात. पिशवीत चाचपून माणूस हवी ती उचलेल."

"इर्माच्या आहेत," आर्नी म्हणाला.

यावर कोण काय बोलणार! मार्लिसनं फक्त नियमाची आठवण करून दिली: पिशवी डोळ्यांच्या वर धरायची आणि तोंड दुसरीकडे करायचं. आर्नीनं तो नियम कायम पाळला. मी पिशवीतच असायचे, मला माहीत आहे.

त्याच्या डोळ्यांचं पहिल्यांदा कळलं ते आम्हा सोंगट्यांना. पूर्वी तो आम्हाला पट्टीवर ठेवून नुसता बघायचा. आता अंगठा फिरवायला लागला, हळूहळू, प्रत्येकीच्या अंगावरून. आमची अक्षरं दाबून बसवलेली असल्यामुळे अंगठ्याला ती कळायची. डुलुथ शहरातल्या डॉक्टरकडून आला त्या दिवशी घरी पट मांडून तो इर्माच्या खुर्चीला म्हणाला, "मधोमध धुकं आणि कडेनं सगळं ठीक. डॉक्टर म्हणतो गाडी बंद कर. मी म्हटलं, बघू." पुढच्या तपासणीला तो गेलाच नाही.

त्याचं घर गावाबाहेर, खडीच्या रस्त्याच्या टोकाला. तिथे शाळेची सोडली तर बस नाही, दुकान नाही. गाडी गेली की घर गेलं, आणि मंगळवारही गेला. फीनिक्सला असलेली मुलगी फोनवर सारखी म्हणायची, "बाबा, विका ते घर. इकडे या. बर्फ नाही, काही नाही." फोन ठेवला की हा पुटपुटायचा, "वाळवंटात काय करू? पापडासारखा वाळत बसू?"

म्हणून त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण धुकं मधोमध असल्यामुळे पट बघायला त्याला मान तिरकी करावी लागे. तिरकी मान म्हणजे नजर शेजारणीच्या पट्टीकडे, असंच कुणालाही वाटणार.

"माझ्याकडे काय बघतोस?" मार्लिसनं एकदा टोकलं.

"तू सुंदर दिसतेस म्हणून."

"गप रे, म्हाताऱ्या." पण तिनं आपली पट्टी आडवी केली. त्यातच मी आणि माझी जुळी बहीण लागोपाठ त्याच्याच हाताला लागत होतो. शपथेवर सांगते, निव्वळ योगायोग. मार्लिसला मात्र तो योगायोग दिसत नव्हता, त्याचा आमच्यावरून फिरणारा अंगठा दिसत होता.

मग तो मंगळवार आला.

माझी जुळी बहीण खेळाच्या सुरुवातीलाच पटावर गेली होती. मी होते मार्लिसच्या पट्टीवर. आर्नीनं पिशवीतून एक सोंगटी काढली ती पालथी आली, अक्षर खाली आणि गुळगुळीत पाठ वर. डोळस माणसाला हात बाहेर काढतानाच दोन्ही बाजू दिसतात. आर्नीनं तिच्यावर अंगठा फिरवला, काही लागलं नाही, आणि त्याचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, मीच आले. मी समोरून बघत होते आणि ओरडू शकत नव्हते. अरे, उलटून बघ! पण इर्माची तंबी त्याच्या हाडात भिनलेली होती.

त्यानं पटावर चार अक्षरं मांडली, शेवटी ती पालथी ठेवली आणि जाहीर केलं, "कोरी. हिला डी समजा. डोझ्ड." डुलकी घेतली, अशा अर्थाचा पाच अक्षरी शब्द, मधे झेड. चांगला डाव होता.

मार्लिसनं मला चिमटीत धरून सगळ्यांपुढे उंच केलं.

"एक कोरी पटावर आहे, दुसरी ही माझ्या हातात. तुझी ही तिसरी कुठून आली, आर्नी?"

तिनं ती पालथी सोंगटी उलटली. एस.

नको असलेलं अक्षर पालथं घालून कोरी म्हणून खपवायचं, ही या खेळातली सगळ्यात जुनी लबाडी. गॉर्डी किटली हातात धरून तसाच उभा. म्हणाला, "चुकून झालं असेल, नाही का रे?"

आर्नीनं तोंड उघडलं. त्याला एकच वाक्य बोलायचं होतं, मला दिसत नाही. ते बोलला असता तर सगळे धावत आले असते, आणि संध्याकाळच्या आत फीनिक्सचा फोन वाजला असता. त्यानं तोंड मिटलं. मग शांतपणे म्हणाला, "चुकून नाही. मी लबाडी केली."

त्यानं पट मिटला, चाचपत सोंगट्या पिशवीत भरल्या आणि टोपी घालून निघून गेला. तो खोटं बोलत होता हे त्या तळघरात फक्त आम्हा सोंगट्यांना माहीत होतं, आणि त्याला खोटं पाडायला पुरावा म्हणून वापरली गेले ती मीच. माझ्या कोरेपणाची मला तेव्हा लाज वाटली.

मार्लिसची मूठ रागानं इतकी आवळलेली होती की मी तिच्यातच राहिले आणि तशीच तिच्या लोकरी जाकिटाच्या खिशात घरी गेले.

या लोकांना आणखी एक खोड आहे. खेळ संपला तरी तो यांच्या डोक्यात संपत नाही. घरी जाऊन स्वयंपाकघराच्या टेबलावर तोच डाव पुन्हा मांडायचा आणि कुठे काय चुकलं ते शोधायचं. मार्लिसनं जेवायच्या आधी आपला प्लॅस्टिकचा संच काढून मांडला. पुटपुटत होती, "चोर कुठला! इर्माच्या सोंगट्यांनी!" डोझ्ड मांडला. शेवटचा डी उचलून तिथे एस ठेवला, आणि तिचा हात थांबला.

एस ठेवला तरी शब्द होतच होता. डोझेस. वर एक गुण जास्त, कारण कोरीला गुणच नसतात. आणि एस म्हणजे तर या लोकांचा जीव की प्राण. मिळाला की कुठल्याही शब्दाच्या शेपटीला चिकटतो. तो पालथा घालून फुकट कोण घालवेल?

"लबाडी करून तोटा?" मार्लिस मोठ्यानं म्हणाली. तिनं मला खिशातून काढलं, डोळे मिटले आणि माझ्यावरून अंगठा फिरवला, आर्नी फिरवायचा तसा. जेवण तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्या खडीच्या रस्त्यानं निघाली. आर्नीच्या घराआधी हॉगलंडांचं घर लागतं. तिथे तिनं करकचून ब्रेक दाबला. हॉगलंडांची रस्त्याकडेची टपालपेटी खांबासकट खड्ड्यात पडली होती. ती खाली उतरली, बर्फातल्या चाकांच्या खुणा बघितल्या, त्या कुठे जातात ते बघितलं आणि एक शब्द न बोलता परत गाडीत बसली.

आर्नीनं दार उघडलं. "लबाडाच्या घरी कॉफी पिणार?"

"पिणार. आणि तुझी सोंगटी परत द्यायला आलेय."

ती टेबलाशी बसली आणि मला तळहातावर घेऊन हात पुढे केला. आर्नीनं मला घ्यायला हात पुढे केला तो कॉफीच्या कपापाशी गेला, तिथून चाचपत साखरेपाशी. खिडकीतून ऊन येत होतं, टेबल लख्ख दिसत होतं. मार्लिसनं त्याचा हात धरून मला त्यात ठेवलं. त्यानं माझ्या दोन्ही बाजूंवर अंगठा फिरवला.

"ही खरी कोरी," तो म्हणाला.

"त्या डोझ्डला एस चालला असता की रे. गुणही मिळाला असता."

"लक्षात आलं नाही. कबूल केलं ना मी? आता अजून काय, गावात दवंडी पिटायचीय?"

"लबाडाला निदान फायदा तरी हवा असतो, आर्नी. किती दिवस दिसत नाहीये तुला?"

तो हसला, पण त्याचा हात माझ्याभोवती घट्ट झाला. "दिसतं. कडेनं सगळं दिसतं. फक्त मधोमध नाही."

"मधोमध तर मी बसलेय."

"हो. तुझं नाक दिसत नाही, तेवढाच काय तो फायदा."

ती हसली नाही. "चाळीस माणसांसमोर चोर म्हणवून घेतलंस. एवढं एक सांगता येत नव्हतं?"

"आठ जण होते. आणि चोराचं लायसन काढून घेत नाहीत, मार्लिस." त्याचा आवाज चढला. "गाडी गेली की मी कुठे जाऊ? पोरगी मला फीनिक्सला नेऊन बसवेल. इर्मा या टेबलाशी बसायची. हे घर सोडून मी कुठे जाऊ, सांग ना!"

मार्लिसनं कप खाली ठेवला. "हॉगलंडांची टपालपेटी खड्ड्यात पडलीय."

"बर्फ काढणाऱ्या गाडीनं पाडली असेल."

"जन्मभर टपाल सांभाळलंय मी. ती गाडी पेटी कशी पाडते ते मला शिकवू नकोस. चाकांच्या खुणा तुझ्या दारात येतात." ती थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "सकाळी त्या पेटीपाशी कोण उभं असतं रे?"

आर्नीला ते सांगायची गरज नव्हती. तो थांबा त्यानंच ठरवलेला. उतारावरून बस नीट दिसते म्हणून पोरांना त्या पेटीपाशी उभं राहायला त्यानंच शिकवलं होतं. आता तिथे हॉगलंडांच्या दोन नाती उभ्या राहतात.

"काहीतरी लागलेलं कळलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, बर्फाचं ढेकूळ." त्यानं मला हळूच टेबलावर ठेवलं.

मग तो उठला. आपल्या घरात तो सरळ चालतो. दाराजवळच्या खिळ्यावरून गाडीच्या किल्ल्या काढल्या आणि मार्लिसपुढे टेबलावर ठेवल्या. कुणी मागितल्या नव्हत्या.

मार्लिसनं नाक शिंकरलं. मग पुन्हा आपल्या पोस्टाच्या खिडकीतल्या आवाजात म्हणाली, "हे बघ. मी तुला खोटं ठरवलं आणि माझंच चुकलं. चुकीचं आव्हान दिलं की पाळी जाते, नियम आहे. तेव्हा आता मंगळवारी न्यायला यायचं काम माझ्याकडे. दुकानात जायचं असेल तेव्हाही. आणि तुझ्या मुलीशी मी बोलते."

"तू गाडी चालवणार आणि मी शेजारी बसणार?"

"का? काय झालं?"

"काही नाही. डोळे गेले तेच बरं झालं."

पुढच्या मंगळवारी त्यानं तळघरात उभं राहून सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. गॉर्डी कॉफी ओतत होता ती कपातून बशीत, बशीतून टेबलावर गेली. "म्हणजे," तो म्हणाला, "इतके महिने मी एका आंधळ्याकडून हरत होतो?" मग जे हसू फुटलं त्यात आर्नीचंच सगळ्यात मोठं होतं.

आता तिथे नवा नियम आहे. आमच्या पिशवीत हात घालणाऱ्यानं इर्माचा जाड लोकरी हातमोजा घालायचा, म्हणजे चाचपायची सोयच नाही. एकेक सोंगटी काढताना मोठमोठ्या लोकांची तारांबळ उडते, बघण्यासारखी असते. आणि मार्लिसनं भाचीच्या लग्नासाठी आणलेल्या लाल नखरंगाचा एकेक ठिपका आम्हा दोघी कोऱ्यांना दोन्ही बाजूंनी लावला. वाळला की तो बोटाला लागतो. पट्टीवर मी आले की आर्नीचा अंगठा त्या ठिपक्यावर थांबतो, आणि तो पुटपुटतो, "मग काय बाई, आज काय व्हायचंय?"

परवाचंच सांगते आणि थांबते. मार्लिस त्याला घरी सोडत होती, खोका त्याच्या मांडीवर. हॉगलंडांची नवी पेटी आहे, तिचा खांब आर्नीनं स्वतःच्या हातानं पुरून दिला. तिथे पुढे पिवळी बस थांबली, म्हणून मार्लिसही थांबली. पोरी उतरल्या, दार बंद झालं. आर्नी कान देऊन ऐकत होता. "पुढचे ब्रेक झिजलेत तिचे," एवढंच बोलला. त्याची बोटं खोक्याच्या झाकणावर नुसती फिरत राहिली. बस निघून गेली तरी मार्लिसनं गाडी हलवली नाही. तिला काहीतरी बोलायचं होतं आणि तिला धीराचं बोलता येत नाही.

मग तिनं एकदम पोस्टाच्या खिडकीतून ओरडावं तसं विचारलं, "पाच अक्षरी! क्यू आहे, यू नाही!"

तिला काय ठाऊक, हे त्याला आधी कोण विचारायचं. खोक्यात आम्ही सगळ्यांनी कान टवकारले. नाक वर करून बसलेल्या क्यूनंसुद्धा.

"फकीर," आर्नी म्हणाला. मग खोक्याच्या झाकणावर टिचकी मारून, "निकाब. तलाक. विचार पुढचं."

गाडी निघाली.

तुमच्याही घरात कुठल्या तरी डब्याच्या तळाशी माझ्यासारखी एखादी असेल, अक्षर नाही म्हणून वाया गेलेली वाटणारी. तिला शेगडीत टाकू नका. आणि तुमच्या समोर बसलेल्या माणसाचा हात चुकला, तर त्याला लबाड म्हणायच्या आधी जरा त्याच्या घरापर्यंत जाऊन या. एवढंच. आता मला जायला हवं, हातमोजा पिशवीत शिरतोय.